वाळलेलं लाकूड म्हणजे न हलणारं लाकूड नव्हे

"लाकूड सीझन केलेलंय, आता काही होत नाही." हे वाक्य कानावर आलं की मी हातातली पटाशी खाली ठेवतो, कारण पुढे वाद होणार हे ठरलेलं. सागवान अस्सल असतं, नीट वाळवलेलंही असतं आणि तरी वर्षाच्या आत टेबलाच्या मधोमध तडा जातो. मग शिव्या वखारवाल्याला: ओलं लाकूड गळ्यात मारलं. बऱ्याचदा त्या बिचाऱ्यानं चांगलंच लाकूड दिलेलं असतं. चूक टेबल जोडणाऱ्यानं केलेली असते.

लाकूड वाळणं आणि लाकूड हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एकदा होते आणि संपते. दुसरी ते लाकूड जळेपर्यंत चालू राहते.

वाळण्याबद्दल फार सांगायला नको. आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं, तोवर फळीचं माप बदलत नाही. ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी निघू लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. उघड्या हवेत थप्पी लावली तर इंचभर जाडीला वर्षभर, हा जुना ढोबळ हिशोब. भट्टीत तेच काम आठवड्यांत उरकतं. ओल्या लाकडाचं फर्निचर करू नये हे सगळ्यांना पटलेलं आहे, तेव्हा पुढे जाऊ.

घोळ इथून पुढे आहे. भिंतीतून निघालेलं पाणी परत येतं. हवा दमट झाली की वाळलेलं लाकूड वाफ शोषून फुगतं, हवा कोरडी झाली की ती सोडून आकसतं. साधारण खोलीच्या तापमानाला हवेतली आर्द्रता ३० टक्के राहिली तर लाकडातला ओलावा हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. ५० टक्क्यांना ९ आणि ८० टक्क्यांना १६. भट्टीत तो ८ टक्क्यांवर आणला म्हणून लाकूड तिथेच राहायला बांधील नाही. जुन्या तुळईला रंधा मारून फळ्या काढा, त्याही हलतात. "जुनं लाकूड मेलेलं असतं" म्हणणाऱ्यांनी त्या फळीची रुंदी दमट महिन्यात एकदा आणि कोरड्या महिन्यात एकदा मोजून बघावी.

आता 'हलतं' म्हणजे किती आणि कुठल्या दिशेला? लाकूड म्हणजे काड्यांची करकचून बांधलेली मोळी समजा. ओल लागली की प्रत्येक काडी जाड होते, लांब होत नाही. मोळी फुगते, उंची तेवढीच. सागवान हिरव्यापासून पार कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. म्हणजे वलयांच्या दिशेनं, दर एक टक्का ओलाव्यामागे ०.२ टक्के. ९०० मिलिमीटर रुंदीचा टॉप घ्या, सरळ सपाट चिरलेल्या, म्हणजे वलयं रुंदीच्या दिशेनं जाणाऱ्या फळ्या जोडून केलेला. ओलावा ८ वरून १३ वर गेला तर तो ९ मिलिमीटर रुंद होतो. तोच टॉप दोन मीटर लांब असेल, तर लांबीतला फरक एक मिलिमीटरही नाही. आणि सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे, हेही लक्षात घ्या.

मारामारी होते ती इथे. टॉपच्या टोकाला आडवी पट्टी लावली, की त्या पट्टीची लांबी टॉपच्या रुंदीला भिडते. एक हलणार, दुसरी जागची ढळणार नाही. दोन्ही डिंकानं घट्ट चिकटवले, वरून स्क्रू आवळले, तर टॉपला आकसायला वाव कुठे उरला? तो फाटतो.

हे जुन्या सुतारांना आकडे न मांडता माहीत होतं. दरवाजाचं पॅनेल चौकटीच्या खोबणीत सुटं बसवलेलं असतं, डिंकाचा थेंबही नाही. नक्षी म्हणून नव्हे, पॅनेलला आत-बाहेर सरकता यावं म्हणून. टोकाची पट्टी बसवायची तर टॉपच्या कडेला कुसवं, म्हणजे पुढे आलेल्या जिभा, काढायची, पट्टीत त्यांच्या खाचा पाडायच्या, आणि डिंक फक्त मधल्या कुसवाला लावायचा. बाजूच्या कुसवांतून खुंटी जाते, पण कुसवातलं भोक लांबट कोरलेलं असतं. खुंटी जागेवर, कुसू सरकतं. टॉप खालच्या चौकटीला धरायचा तोही लाकडी गुटक्यांनी: गुटका टॉपला स्क्रूनं पक्का, त्याची जीभ चौकटीच्या खोबणीत मोकळी. या सांध्यांना लोक 'पारंपरिक' म्हणून कौतुकानं बघतात आणि करताना सगळीकडे डिंक चोपडतात. त्यापेक्षा सरळ प्लायवूड वापरा. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून एक थर दुसऱ्याला हलू देत नाही. माझ्या मते घोळाचं मूळही तिथेच आहे: प्लायवर हात बसलेला माणूस अख्ख्या लाकडाकडूनही तीच शिस्त मागतो.

पॉलिशनं हे थांबतं का? नाही, वेग कमी होतो एवढंच. आणि वरच्या बाजूला चार हात मारून खालची बाजू कोरी ठेवलीत, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगानं ओल घेतील आणि फळीला बाक येईल.

दोष नेमका कुणाचा, हे ओळखायचं कसं? पहिल्या काही महिन्यांत सगळीकडचे सांधे ढिले पडले, पाय वेडेवाकडे झाले आणि मग सगळं तसंच राहिलं, तर लाकूड ओलं होतं, वखारवाल्याला जरूर गाठा. पण तडा कोरड्या दिवसांत उघडतो आणि दमट दिवसांत मिटतो, तर लाकूड उत्तम आहे, त्याला कुणीतरी बांधून ठेवलंय. अशा तड्यात लांबी (म्हणजे पुट्टी) भरणारे लोक मला मुळीच सहन होत नाहीत. लाकूड फुगलं की त्या पुट्टीला जागा उरत नाही. एक तर ती बाहेर येते, नाही तर शेजारी नवीन तडा. तीच गत दमट दिवसांत अडकणाऱ्या ड्रॉवरची. तेव्हाच रंधा मारून मोकळा केलात, तर कोरड्या दिवसांत वरच्या फटीतून आतलं सामान दिसेल.

मी स्वतः केलेलं पहिलं टेबल याच चुकीनं फाटलं. टोकाच्या पट्ट्या पूर्ण चिकटवलेल्या, खालून चौदा स्क्रू. एका कोरड्या रात्री खोलीत काड् असा आवाज झाला; सकाळी टॉपमध्ये वीतभर फट. पट्ट्या करवतीनं कापून काढल्या, स्क्रूंच्या जागी गुटके बसवले. फटीत काहीही भरलं नाही. दमट महिन्यांत आता ती बोटानं शोधावी लागते, कोरड्या दिवसांत तिच्यात पोस्टकार्ड उभं राहतं.