दोन केविन आणि एक सॅम्पलर: ‘माइंड: द परपेच्युअल इंटरकोर्स’ची पार्श्वभूमी

१९८६ साली कॅनडातलं व्हँकूवर शहर नटूनथटून बसलं होतं. २ मे ते १३ ऑक्टोबर तिथे ‘एक्स्पो ८६’ हे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या तयारीत गावाच्या पूर्व भागातल्या स्वस्त लॉजांमधून वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी गरीब भाडेकरूंना पर्यटकांसाठी खोल्या रिकाम्या करून द्याव्या लागल्या होत्या. प्रदर्शन चालू असतानाच, सप्टेंबरात, याच शहरातल्या ‘स्किनी पपी’ या इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांच्या खडबडीत आवाजांवर उभ्या संगीताच्या, बँडचा ‘माइंड: द परपेच्युअल इंटरकोर्स’ हा दुसरा स्टुडिओ अल्बम बाजारात आला. त्या चकचकाटाचा मागमूसही त्यात नव्हता.

बँडची सुरुवात दोन केविननी केली. केविन क्रॉम्प्टन ‘इमेजेस इन व्होग’ या सिंथेसायझरवर गोड चालींची पॉप गाणी करणाऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि त्यात त्याचं मन रमत नव्हतं. केविन ओगिल्वी गाणारा. एका बँडमध्ये दोन केविन नकोत म्हणून क्रॉम्प्टनने ‘सेविन की’ हे नाव घेतलं. ओगिल्वीने ‘केविन’ची इंग्रजी अक्षरं उलटी लावली आणि तो ‘निवेक ओगर’ झाला. एका मरतुकड्या कुत्र्याच्या डोळ्यांतून माणसांचं जग पाहायचं, ही बँडच्या नावामागची कल्पना. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध हा बँड इतक्या पोटतिडकीने उभा राहिला, त्याचं बीज मला या नावातच दिसतं.

१९८४ साली व्हँकूवरमध्येच ‘नेटवर्क’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी निघाली. तिने आधी ‘रिमिशन’ ही छोटी तबकडी आणि १९८५ मध्ये ‘बाइट्स’ हा पहिला पूर्ण अल्बम काढला. तेव्हा बेस सिंथेसायझर बिल लीब सांभाळायचा. १९८६ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने ‘फ्रंट लाइन असेंब्ली’ उभी केली. म्हणजे एका माणसाच्या जाण्याने इंडस्ट्रियल संगीताला दुसरा मोठा बँड मिळाला.

त्याच्या जागी कॅनडातल्याच एडमंटन शहरातून ड्वेन गोएटेल आला, आणि माझ्या मते दुसऱ्या अल्बमची खरी गोष्ट इथेच सुरू होते. हा मुलगा पियानोचं शास्त्रीय शिक्षण घेतलेला. सोबत त्याने ‘एन्सॉनिक मिराज’ हा सॅम्पलर, म्हणजे बाहेरचे आवाज टिपून ते पट्ट्यांवर वाजवू देणारं यंत्र, आणला. तोवर असं यंत्र घेणं म्हणजे गाडी घेण्याइतकं महाग. मिराज मात्र १,७०० डॉलरच्या आत मिळायचा. आठ बिटचा, म्हणजे आवाजाची नोंद ढोबळ, आणि आवाज साठवायला १२८ किलोबाइट जागा. चांगल्या प्रतीत रेकॉर्ड करायचं तर जेमतेम काही सेकंदांचा आवाज मावणार. जास्त कोंबायचा तर दर्जा कमी करावा लागणार आणि आवाजाला खरखरीत धार येणार. भयपटातलं एखादं वाक्य, पत्र्यावरचा घाव, कुणाचा श्वास असा तुकडा एकदा आत गेला, की तो पियानोच्या पट्ट्यांवर सुरात वाजवता यायचा. सिंथेसायझर जाणणारे त्या काळी पुष्कळ होते. त्या ओबडधोबड तुकड्यांतून चाल आणि स्वरसंगती काढणारी बोटं मात्र गोएटेलकडे होती.

‘बाइट्स’नंतर लगेच हा अल्बम लावून पाहा. आधी ताल आणि त्यावर चिकटवलेले आवाज असा मामला होता. इथे आवाजांचे थर एकमेकांत विरघळतात. निर्मितीत सेविन कीसोबत डेव्ह ओगिल्वी होता. आडनाव सारखं असलं तरी ओगरशी त्याचं काही नातं नाही. मिक्सिंगच्या टेबलावर त्याचा हात असा चालायचा की त्याला बँडचाच सभासद समजत.

अल्बममधलं ‘डिग इट’ हे गाणं सगळ्यांत लांब पोचलं. जमिनीत फावडं घालावं तसा ठोका, आणि त्यावर ओगरचा यंत्रातून पिळून काढलेला आवाज. अमेरिकेत क्लीव्हलँडला एका स्टुडिओत नोकरी करणाऱ्या ट्रेंट रेझ्नरने ते ऐकलं. १९८८ मध्ये त्याच्या ‘नाइन इंच नेल्स’ या बँडने स्किनी पपीच्या दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर येऊन काही कार्यक्रम केले, आणि १९८९ मध्ये ‘डाउन इन इट’ हे त्यांचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, आलं. ते ‘डिग इट’वरूनच सुचलं, हे रेझ्नरने मोकळेपणाने मान्य केलं आहे.

गोएटेल १९९५ च्या ऑगस्टमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला, वयाच्या तिशीतच. त्याची बोटं ऐकायची असतील तर या अल्बममधलं ‘लव्ह’ रात्री हेडफोन लावून ऐका.