जपमाळ, श्वास आणि विहिरीचं पाणी

ऑक्टोबर हा कॅथलिकांकडे जपमाळेचा, म्हणजे मण्यांवर मोजत म्हटल्या जाणाऱ्या मारियामातेच्या प्रार्थनेचा, महिना. वसईच्या किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती वाड्यांत या दिवसांत संध्याकाळी आज या घरी, उद्या त्या घरी शेजारीपाजारी जमतात. जपमाळेआधी हेतू सांगितले जातात. कुणाचं ऑपरेशन आहे, दोन भावांचं वाटणीवरून बोलणं बंद आहे, कुणाचा मुलगा दारूच्या आहारी गेलाय, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. अशा अडचणींवर प्रार्थनेचा उपयोग होतो का? देव ऐकतो की नाही, हे मोजायचं साधन विज्ञानाकडे नाही. प्रार्थनेनंतर माणसांत काय बदलतं ते मात्र मोजता येतं, आणि या चार हेतूंची उत्तरं चार वेगवेगळी येतात.

आधी ऑपरेशन. या विषयावरची एक मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास करून घेणारे १८०२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले गेले. तीन प्रार्थनासमूह चौदा दिवस प्रार्थना करत होते आणि त्यांतले दोन कॅथलिक होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, पण ती होईलच असं ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण ५२ टक्के आलं. ज्यांच्यासाठी झालीच नाही त्यांच्यात ५१ टक्के. आणि ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. हा वरचा आकडा योगायोगाचा असू शकतो. ‘माझं दुखणं इतकं गंभीर आहे का?’ या धास्तीचाही असू शकतो. चाचणीला एक मोठी मर्यादाही होती. घरच्यांना प्रार्थना करू नका असं कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे तपासली गेली ती फक्त अनोळखी लोकांची, लांबून केलेली प्रार्थना. तिचा शस्त्रक्रियेच्या निकालावर फरक दिसला नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं. आजाऱ्याच्या उशाशी बसून हात धरून केलेली प्रार्थना ही वेगळी गोष्ट. ती त्याला विचारून करावी, आणि डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी तिच्यासाठी थांबवू नये.

जपमाळ म्हणणाऱ्याच्या शरीरात काय होतं, याचं उत्तर जास्त नेमकं आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. २३ निरोगी माणसांना जपमाळेत पुन्हापुन्हा येणारी ‘नमो मारिया’ ही प्रार्थना लॅटिनमधून आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाब खालीवर झाला की हृदयाचे ठोके त्याच्याशी जुळवून घेणारी एक प्रतिक्षेपी क्रिया असते, तीही सुधारली. कारण ठेक्यात आहे. अर्धी प्रार्थना पुढारी म्हणतो, अर्धी बाकीचे. एक फेरी साधारण दहा सेकंदांची होते आणि रक्तदाबाची नैसर्गिक लहरही तेवढीच असते. मराठी शब्दांवर तोच ठेका धरायचा तर घड्याळ लावून बघा. एका नमो मारियाला दहा सेकंद धरले, तर जपमाळेतल्या पन्नासांना सव्वाआठ मिनिटांच्या वर वेळ लागला पाहिजे. चार मिनिटांत उरकली, तर श्वास संथ व्हायला जागाच मिळत नाही. पुढारी आपला भाग संपवण्याआधीच लोक उत्तर सुरू करतात, ही नेहमीची चूक. तेवीस जणांवरून रोग बरा होतो असं कुणी म्हणू नये, पण रागावलेला, धसकलेला माणूस अशा पंधरावीस मिनिटांनी बोलण्याच्या मनःस्थितीत येतो, याला शरीराचा आधार आहे.

भावांच्या भांडणात हाच भाग कामी येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत सहभागींना मुद्दाम अपमानास्पद शेरा देऊन चिडवलं गेलं. ज्याने चिडवलं त्याच्यासाठी ज्यांनी प्रार्थना केली, ते त्याच्याशी कमी आक्रमक वागले. ज्यांनी त्याच्याबद्दल नुसता विचार केला, त्यांचा जोर तितका उतरला नाही. आमच्या मते इथे प्रार्थनेचा मजकूर महत्त्वाचा आहे. ‘त्याला सद्बुद्धी दे’ ही प्रार्थनेच्या वेषातली तक्रारच. त्याच्या मुलीच्या परीक्षेसाठी, त्याच्या गुडघेदुखीसाठी मागा. राग थोडा खाली आला की लगेच सातबारा काढावा आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करावा, कारण बांध कुठून जातो हे जपमाळ सांगणार नाही. आणि समूहात हेतू मांडताना भावांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. प्रार्थनेच्या आडून बातमी पसरते आणि भांडण वाढतं.

दारूच्या बाबतीत पुरावा बराच भक्कम आहे, पण तो एकट्या प्रार्थनेचा नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांत प्रार्थना आहे, तसा कबुलीजबाब आहे, आठवड्याच्या सभा आहेत, अडीअडचणीला फोन उचलणारा जुना सदस्य आहे. २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण या वाटेने ४२ टक्के होतं, इतर उपचारांनी ३५. इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्याला उपवास-प्रार्थनेला बसवून एकदम दारू बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग सभा.

एकत्र प्रार्थना करण्याचा आणखी एक परिणाम तामिळनाडूतल्या दोन खेड्यांत दिसला. हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या या अभ्यासात, जे नियमाने उपासनेला येतात त्यांच्याकडे गावकरी पैसे, सल्ला, काम मागायला जास्त जातात, असं आढळलं. उपस्थिती ही विश्वासाची खूण ठरते. याला उलटी बाजूही आहे : अमेरिकेतल्या प्रयोगांत चक्रीवादळग्रस्तांसाठी आधी प्रार्थना करून घेतली, तर देणगीची रक्कम कमी झाली. केलं आपण काहीतरी, असं मनाला वाटून जातं. म्हणून जपमाळ संपल्यावर पांगण्याआधी दहा मिनिटं ठेवावीत आणि प्रत्येक हेतूपुढे एक नाव, एक काम आणि एक तारीख लिहावी.

विहिरीला तर याशिवाय इलाज नाही. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. खारं पाणी फक्त अडीच टक्के जड असतं, त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उपशाने ती पातळी १ मीटर उतरली, की खाऱ्याची सीमा हळूहळू तेवढेच ४० मीटर वर सरकू पाहते. हे सरकणं वेळेत कळावं म्हणून वाडीतल्या पाचसहा विहिरी निवडा. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दोरीने मोजा आणि पाण्यातले क्षार साध्या टीडीएस मीटरने. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी पिण्यास योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची हद्द. मोजणी पंप चालू करण्याआधी करा, नाहीतर आकडे फसवतात. पातळी घटत आणि क्षार वाढत चालले, तर मोठा पंप तासन्‌तास चालवणं बंद करून कमी क्षमतेच्या पंपाने सकाळ-संध्याकाळ थोडंथोडं पाणी काढा, आणि शेजारच्या विहिरींचा उपसा एकाच वेळी होऊ देऊ नका. टँकर भरणाऱ्या विहिरीचे आकडेही याच वहीत हवेत. महापालिकेकडे तक्रार न्यायची तर तीच वही पुढे ठेवता येते.