गेमिंग हेडसेट घेण्यापूर्वी: आवाज कसा पारखावा, पैसे कशाचे द्यावेत

तपकीर गल्लीतील आमच्या दुकानात साधारण चार ते आठ हजार रुपयांच्या गेमिंग हेडसेटची चौकशी सतत होत असते आणि अनेक ग्राहक खोक्यावरील आकडे वाचूनच निवड करू पाहतात. ते आकडे फारसे उपयोगी पडत नाहीत. ‘20 ते 20,000 हर्ट्‌झ’ ही मानवी श्रवणाची ढोबळ मर्यादा असून ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. त्या पट्ट्यातील कोणते स्वर दबले आहेत आणि कोणते फुगवले आहेत, हे तिच्यावरून कळत नाही. ‘7.1 सराउंड’ (म्हणजे चहूबाजूंनी आवाज) लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्येही प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, असतो व बाकीच्या दिशांचा भास सॉफ्टवेअर निर्माण करते. काही गेममध्ये अशी सोय मुळातच असते. दोन्ही एकदम चालू ठेवल्यास दिशा उलट धूसर होतात.

आवाज पारखताना दोन्ही हेडसेट सारख्याच पातळीवर ऐकावेत, कारण किंचित मोठा वाजणारा हेडसेट कानाला आपोआप चांगला वाटतो. आपल्या फोनमधील पाठ असलेले एखादे गायनाचे ध्वनिमुद्रण लावावे. डग्ग्याची घुमार गायकाच्या आवाजावर चढत असेल, तर स्फोटांच्या दणक्यासाठी खर्ज वाढवलेला आहे आणि खेळताना त्याच्याखाली पावलांची चाहूल बुडेल, असे समजावे. त्यानंतर आपला नेहमीचा गेम लावून पावले डावीकडून येतात की मागून, हे डोळे मिटून ओळखून पाहावे. चष्मा असल्यास तो घालूनच किमान पंधरा मिनिटे हेडसेट वापरावा. दांडीमुळे गादी कानाभोवती नीट बसली नाही, तर खर्ज निसटतो. माइकची चाचणी छताचा पंखा चालू ठेवून घ्यावी, कारण घरीही तो चालूच असणार.

किमतीचा विचार करताना आम्ही दिव्यांच्या रोषणाईपेक्षा सुटी होणारी वायर आणि बदलता येणाऱ्या गाद्या यांना अधिक महत्त्व देतो. दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणारे हेडसेट बहुधा पिनजवळ वायर तुटलेले किंवा घामाने व पावसाळी दमटपणाने कृत्रिम चामड्याचे पापुद्रे निघालेले असतात. आतील ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा शाबूत असतो. बिनतारी हेडसेट हवा असल्यास 2.4 गिगाहर्ट्‌झचा डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा बिनतारी रिसीव्हर) असलेला घ्यावा, कारण नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज चित्राच्या मागे पडल्याचे जाणवते. संगणकाला माइक आणि हेडफोनच्या खाचा वेगळ्या असतील, तर एका पिनेच्या हेडसेटसाठी स्प्लिटर, म्हणजे एका पिनेच्या दोन पिना करणारी जोडवायर, लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांहून अधिक ऐकू नये आणि मुलांसाठी ही पातळी 75 डेसिबल आहे. मुलासाठी हेडसेट घेणाऱ्या पालकांनी त्याला सोबत आणावे, म्हणजे आवाजाची पातळी त्याच्याच फोनवर ठरवून देता येईल.