वात उसळला की सिलिकॉन झिजलं?

हातात सिलिकॉनचा सांधा घातलेले पेशंट सांगली-मिरजेकडे थोडेच. पण त्यातल्या कुणाचा हात सुजला की शेजारणीपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचं निदान एकच, "वात उसळला." आणि गोळ्या वाढतात.

आमवात कसा असतो हे घरोघरी ठाऊक आहे. दोन्ही हात जोडीने धरतो, सकाळी तासभर मूठ वळत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उठते. त्यावर जास्त लिहीत नाही.

सिलिकॉन सायनोव्हायटिसमध्ये, म्हणजे झिजलेल्या सिलिकॉनच्या कणांनी येणाऱ्या सांध्याच्या सुजेतही, सुजतं ते हेच अस्तर, म्हणून घोळ होतो. कारण मात्र वेगळं. अमेरिकेतल्या आल्फ्रेड स्वान्सन यांनी १९६०च्या दशकात बोटांसाठी रबरासारखे लवचीक सिलिकॉनचे सांधे आणले. पुढे मनगटातली छोटी हाडंही सिलिकॉनची बसवली गेली. हाड त्यावर घासत राहिलं की बारीक कण सुटतात. भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. सूज धुमसत राहते आणि आजूबाजूचं हाड पोखरलं जातं. हे बहुधा ऑपरेशननंतर काही वर्षं बरी गेल्यावर होतं. मनगटात आणि अंगठ्याच्या बुडाशी दाब जास्त, म्हणून तिथे जास्त. मुठीच्या सांध्यांत कमी. आमवात कधीच नव्हता, फक्त मनगटातलं एक हाड मेलं म्हणून सिलिकॉन बसवलं, अशांनाही हे झालेलं आहे. तिथे कुठला वात उसळणार?

फरक बघायचा तो एक्स-रेत. आमवात हाडाच्या कडा कुरतडतो, दोन हाडांमधली फट बुजवतो, भोवतालचं हाड विरळ करतो. सिलिकॉनच्या सुजेत फट बऱ्याचदा शाबूत असते. पण सिलिकॉनच्या फिकट करड्या सावलीला लागून असलेल्या हाडांत मसुरीच्या दाण्यासारखी गोल, रेखीव काळी भोकं दिसतात. जुनी प्लेट शेजारी धरली की ती वाढलेली कळतात. म्हणून जुने एक्स-रे रद्दीत घालणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

त्याहून राग येतो तो ऊठसूट आरए फॅक्टर ही आमवाताची रक्ततपासणी करण्याचा. ज्याला आमवात आहे त्याचा तो रोग शांत असतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्यावरून आजची सूज कशाची, हे कसं ठरणार? त्यापेक्षा विचारा: फक्त ऑपरेशनचाच सांधा सुजलाय, की बाकीचेही?

ताप, लाली, पू असेल तर जंतुसंसर्गाचा विचार आधी. सांध्यातलं पाणी तपासायला त्याच दिवशी जा.

स्टिरॉइडने दोन्हींत काही दिवस बरं वाटतं, त्यावर भुलू नका. आमवाताला औषध बदलून चालतं. सिलिकॉनचे कण गोळीने विरघळत नाहीत. भोकं वाढत असतील तर इम्प्लांट काढून, सुजलेलं अस्तर खरवडून, गरज पडली तर पोकळीत हाड भरावं लागतं. तेव्हा डोस वाढवून घेण्याआधी हाताच्या सर्जनला नवी-जुनी प्लेट दाखवा.