श्रद्धा आणि विवेकनिष्ठता
पुरेसा पुरावा हाती नसताना एखादी गोष्ट खरी मानणे बुद्धीला धरून असू शकते का, हा ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेतला, जुना प्रश्न आहे. श्रद्धा म्हणजे इथे केवळ ईश्वरावरची श्रद्धा नव्हे. माणसावर किंवा त्याच्या शब्दावर ठेवलेला भरवसाही तिच्यात येतो.

सर्वांत कठोर नकार इंग्लिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये दिला. त्यांचा दाखला एका जहाजमालकाचा. जहाज जुने, वरचेवर डागडुजी लागलेले. प्रवासी घेऊन ते निघणार तेव्हा मालकाच्या मनात शंका येते. पण इतक्या सफरींतून ते सुखरूप परतले आहे, देव त्या कुटुंबांना सांभाळेल, अशी स्वतःची समजूत घालून तो खरोखरच निर्धास्त होतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतात, ते तरले असते तरी मालक तितकाच दोषी, कारण तसे मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता. दाखला बिनतोड आहे. मात्र या मालकाला जहाज तपासून घेता आले असते, हे विसरून चालणार नाही.

तपासायची सोयच नसेल तर? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये हीच बाजू धरली. निवड टाळता येत नसेल, तिचे मोल मोठे असेल आणि केवळ बुद्धीने तिचा निकाल लागत नसेल, तर मनाचा कौल मानण्यात गैर नाही, असे त्यांचे म्हणणे. कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाला एका उडीवाचून सुटका नाही. जमेल असे वाटले तर पाय नेमका पडतो, कचरला तर तोल जातो. तिथे विश्वासच यशाचा एक भाग असतो. पण पृथ्वीचे वय आपल्या मानण्याने बदलत नाही. अशा बाबतीत हा युक्तिवाद ताणणे मला गैर वाटते. देव असला तर त्याला मानण्यात अपार लाभ, नसला तर तोटा थोडाच, ही फ्रेंच विचारवंत पास्कालची पैज तर लाभाचा हिशेब मांडते, सत्याचा नव्हे.

न्याय या प्राचीन भारतीय तर्कप्रधान दर्शनाने प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. आप्ताचा, म्हणजे विषय जाणणाऱ्या आणि तो जसाच्या तसा सांगू इच्छिणाऱ्या माणसाचा शब्द हे तिथे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहे. प्रत्यक्ष अनुभवालाच मानणाऱ्या चार्वाकांनी ते नाकारले. स्वतःची जन्मतारीख प्रत्येकाला इतरांच्या सांगण्यावरूनच कळते. हा भरवसा आंधळा नसतो: सांगणारा आप्त आहे का, हे विचारता येते, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरले तर तो मागेही घेता येतो. मित्रावर चोरीचा आळ आला, तर पहिल्या कुजबुजीसरशी त्याला सोडणारा विवेकी ठरत नाही. चोरीचा माल त्याच्याच घरात सापडल्यावरही काहीच ऐकून न घेणारा मात्र क्लिफर्ड यांच्या जहाजमालकाच्या पंगतीला बसतो.