कडी लागली, दार नाही

विमान 35,000 फुटांवर असतं तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो. आत मात्र फार तर 8,000 फूट उंचीवर असल्यासारखा दाब राखलेला असतो. तो एकदम गेला तर माणूस 30 ते 60 सेकंदच भानावर राहतो. ‘आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा’ ही सूचना आपण कानाआड करतो, तिच्यामागे हा हिशेब आहे.

दाब राखणारी केबिन असलेलं पहिलं प्रवासी विमान, बोइंग 307, सेवेत आलं 1940 साली. 1952 मध्ये कॉमेट हे जेट आलं आणि 1954 मध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. दर उड्डाणाला विमानाचं अंग किंचित फुगतं, उतरल्यावर बसतं. इंग्लंडमधल्या फार्नबरोत एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून दाब चढवत-उतरवत राहिले, तेव्हा एका खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. धातूही थकतो, हे तिथे लख्ख दिसलं.

मला सर्वांत जास्त छळते ती डीसी-10 ची कहाणी. जून 1972 मध्ये कॅनडातल्या विंडसरवर या विमानाचा मागचा मालदरवाजा उडाला. कड्या पुऱ्या बसल्या नसतानाही बाहेरचं हँडल बंद झालं होतं. खालच्या मालकक्षातला दाब गेला, वरच्या केबिनमधला राहिला, आणि त्या भाराने मधली जमीन खचली. शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा त्याच जमिनीतून जात होत्या! वैमानिकाने इंजिनं कमीजास्त करत विमान डेट्रॉइटला उतरवलं, सगळे वाचले.

विमानाचा सांगाडा बांधणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्याने त्याच महिन्यात लिहून ठेवलं, की हे दार पुन्हा उघडेल आणि विमान हातचं जाईल. ते टिपण मूळ उत्पादकाकडे पाठवलंच गेलं नाही. 3 मार्च 1974 रोजी पॅरिसजवळ तेच घडलं. 346 माणसं गेली. त्यानंतर कुठे जमीन मजबूत करणं आणि दाब सारखा होण्यासाठी तीत झरोके ठेवणं सक्तीचं झालं. एवढंच तर हवं होतं, दोन वर्षं आधी.

जानेवारी 2024 मध्ये पोर्टलंडहून निघालेल्या बोइंगचा, दाराच्या जागी बसवलेला पॅनेल 16,000 फुटांच्या आसपास निखळला. त्याचे चार बोल्ट लावलेलेच नव्हते. लगतच्या दोन सीट त्या दिवशी रिकाम्या होत्या.