ग्रीन फ्लॅग पुरस्कार

ग्रीन फ्लॅग पुरस्कार : सार्वजनिक उद्याने व हिरव्या मोकळ्या जागांच्या व्यवस्थापनाचा दर्जा तपासून दिला जाणारा ब्रिटनमधील पुरस्कार. योजना १९९६ मध्ये आखली गेली आणि १९९७ मध्ये पहिले पुरस्कार दिले गेले. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या पातळीला उतरणाऱ्या प्रत्येक जागेला हिरवा झेंडा मिळतो. त्याची मुदत वर्षभराची असते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. गृहनिर्माण व स्थानिक शासन पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्रालयाच्या परवान्याने ‘कीप ब्रिटन टायडी’ ही संस्था योजना चालवते. ब्रिटनमध्ये आज दोन हजारांहून अधिक ठिकाणी हा झेंडा आहे. त्यांतली बहुतेक ठिकाणे स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यातली असली तरी दफनभूमी, कालव्याचे काठ, विद्यापीठांची आवारेही त्यांत येतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाचे युनिव्हर्सिटी पार्क हे अशांपैकी एक. नेदरलँड्स, जर्मनी, आयर्लंड, संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांतही ही पद्धत पोहोचली आहे.

पार्श्वभूमी : सार्वजनिक पैशातून सर्वांसाठी बाग ही कल्पना ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजली. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेड गावाने दलदलीची जमीन घेऊन उद्यानरचनाकार जोसेफ पॅक्स्टन यांच्याकडून उद्यान आखून घेतले व ५ एप्रिल १८४७ रोजी ते लोकांसाठी खुले केले. भोवतालचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भरून काढायचा, असा व्यवहार त्यामागे होता. अमेरिकेचे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८५० मध्ये ते पाहिले; पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आखणीत ते सहभागी झाले. बागांसाठी जमीन घेण्याचा व ती राखण्याचा अधिकार १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक संस्थांना मिळाला. मात्र तो अधिकारच होता, बंधन नव्हे, आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागांची रया गेली. कौन्सिलांची अंदाजपत्रके आटली. त्यातच १९८८ च्या स्थानिक शासन कायद्याने बागकामाच्या निविदा काढणे सक्तीचे केले. दिवसभर बागेत असणारा, पोरांना नावाने ओळखणारा पार्क-कीपर अनेक ठिकाणी गेला. त्याच्या जागी गाडीतून फिरणारी टोळी आली, गवत कापून पुढच्या बागेकडे जाणारी. फुलांचे वाफे बुजवून हिरवळ केली गेली, कारण यंत्राला सरळ हिरवळ सोपी पडते. निविदेत किती चौरस मीटर गवत कापायचे ते लिहिता येते. बाग चांगली ठेवली आहे की नाही, ते लिहिणे अवघड. नेमके हेच मोजायला काही उद्यानतज्ज्ञांनी निकष बांधले आणि त्यातून हा पुरस्कार उभा राहिला. त्याच सुमारास, १९९६ पासून, राष्ट्रीय लॉटरीचा पैसा जुन्या शहरी बागांच्या जीर्णोद्धाराकडे वळला. बर्कनहेडलाही त्याचा लाभ झाला.

परीक्षण : शंभरपैकी तीस गुण कागदावरचे, सत्तर प्रत्यक्ष भेटीचे, एकूण किमान ६६ लागतात. कागद म्हणजे मुख्यतः व्यवस्थापन आराखडा. पुढच्या काही वर्षांत कोणते काम, कोणी, कधी, कोणत्या पैशातून करायचे, हे त्यात यावे लागते. प्रत्यक्ष पाहणीला येणारे परीक्षक स्वयंसेवक असतात, पण बहुतेक जण स्वतः याच क्षेत्रात मुरलेले. ते प्रवेशद्वारापासून सुरुवात करतात : फलक वाचता येतो का, संपर्काचा दूरध्वनी आहे का, चाकाची खुर्ची आत जाते का. मग खेळणी, कचरापेट्या, कुत्र्यांच्या घाणीची सोय, दिवे, कडा कापलेल्या आहेत की गवत वाटेवर आले आहे. कीटकनाशके आणि पीट (दलदलीतून खणून काढलेली, कुजलेल्या वनस्पतींची माती) यांचा वापर कमी करण्याचे धोरण आहे का, वारसा जपला आहे का, शेजारपाजारच्या लोकांचा सहभाग किती, हेही पाहिले जाते. सूचनाफलकावर गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा कागद दिसला, तर लोकसहभागाचे दावे वाचणाऱ्याला आपोआप शंका येते. एक वर्षाआड हीच पाहणी न कळवता, सामान्य पाहुण्यासारखी येऊन होते. या योजनेची विश्वासार्हता टिकली आहे ती मुख्यतः या अचानक भेटीमुळे.

निसर्ग आणि नीटनेटकेपणा : निकषांमधला सर्वांत ओढाताणीचा भाग हाच. नीट राखलेली बाग म्हणजे बारीक कापलेली हिरवळ, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. जैवविविधतेला हवे असते उंच गवत. रानवनस्पती जपणाऱ्या ‘प्लँटलाइफ’ संस्थेने २०१९ पासून ‘नो मो मे’ ही मे महिन्यात गवत न कापण्याची मोहीम सुरू केली, तेव्हापासून हा वाद घराघरांत पोहोचला. पण नुसते कापणे थांबवून रानफुलांचे कुरण होत नाही. सुपीक मातीत दांडगे गवत फुलांना दाबून टाकते. म्हणून फुलांचे बी पिकल्यावर उन्हाळ्याअखेर कापणी करतात, कापलेले काही दिवस तिथेच पडू देतात, बी झडले की सगळे उचलून नेतात. दरवर्षी असे उचलत गेल्याने मातीचा कस उतरतो आणि फुलांना वाव मिळतो. सोबतीला यलो रॅटल नावाची अर्धपरजीवी वनस्पती पेरतात. ती गवताच्या मुळांतून अन्न शोषून त्याचा जोर मोडते. तिचे बी शरद ऋतूत, खरवडलेल्या जमिनीवर टाकावे लागते. हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही. एवढे करूनही ‘कौन्सिलने काम सोडून दिले’ अशा तक्रारी येतातच. त्यावर जाणकार माळ्यांची साधी युक्ती अशी की उंच गवताच्या कडेने यंत्राच्या रुंदीची एक पट्टी नियमित कापायची. आतले रान मुद्दाम ठेवले आहे, हे त्या पट्टीमुळे कळते.

इंग्लंडमधील रॉदरहॅम शहराच्या कौन्सिलने रस्त्याच्या दुभाजकांवर सुमारे आठ मैल फुलांचे पट्टे पेरले. त्यांची छायाचित्रे देशभर गाजली आणि गवतकापणीचा खर्चही वाचला. अशा पट्ट्यांत मुख्यतः वर्षायू फुले असतात. ती डोळ्यांत भरतात, पण पुन्हा पेरावी लागतात. वर सांगितलेले कुरण सावकाश जमते आणि टिकते. शेफील्डचे ‘ग्रे टू ग्रीन’ हे आणखी वेगळे उदाहरण. मध्यवस्तीला वळसा घालणारा नवा रस्ता पूर्ण झाल्यावर मध्यवस्तीतल्या जुन्या दुपदरी रस्त्याची गरज उरली नाही. कौन्सिलने तिथले डांबर उखडून पावसाचे पाणी मुरवणारे वाफे केले, पहिला टप्पा २०१६ मध्ये संपला. २००७ मध्ये डॉन नदीचा पूर सोसलेल्या शहरात फुलांपेक्षा हे पाणी थोपवणे अधिक मोलाचे ठरते. रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या अशा जागा ग्रीन फ्लॅगच्या चौकटीत सहज बसत नाहीत.

लोकसहभाग : अनेक बागांना ‘फ्रेंड्स’ म्हणवणारे रहिवाशांचे गट असतात. ते झाडे लावतात, कचरा वेचतात, निधी मिळवतात आणि वेळ पडली तर कौन्सिलशी भांडतातही. स्वयंसेवकांनीच चालवलेल्या जागांसाठी वेगळा सामुदायिक पुरस्कार आहे. ऐतिहासिक जागांसाठी ‘ग्रीन हेरिटेज साइट’ हे जोड-मानांकन असून त्याला वारसा जपणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेचे पाठबळ आहे.

मर्यादा : झेंडा एका बागेला मिळतो, कौन्सिलला नाही. अर्जाला शुल्क पडते, त्यामुळे चार चांगल्या बागा पुढे करून उरलेल्यांकडे पाठ फिरवणे शक्य असते. झेंड्यांची संख्या मिरवणाऱ्या पत्रकांत ही बाब येत नाही. मूळ अडचण कायद्यात आहे. रहिवाशांची मागणी असेल तर त्यांना भाजीपाला पिकवण्यासाठी जमिनीचे तुकडे देणे १९०८ च्या कायद्याने कौन्सिलांना भाग आहे, पण बाग राखणे आजही ऐच्छिक सेवाच आहे. हाऊस ऑफ कॉमन्सच्या समितीने २०१७ च्या अहवालात बागांची स्थिती घसरणीच्या उंबरठ्यावर असल्याचा इशारा दिला. बागा राखणे बंधनकारक करावे ही लाखो सह्यांची मागणीही तिच्यापुढे होती. तशी शिफारस मात्र समितीने केली नाही.